टॅक्सिडर्मीवरून कलेक्शन: आधी साचा, मग कातडं

सहा कपड्यांच्या कलेक्शनसाठी टॅक्सिडर्मी, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं जतन करून तो जिवंतासारखा उभा करायची कला, हा विषय घेतला की पहिल्या मूडबोर्डवर, म्हणजे कल्पनांची चित्रं लावायच्या फलकावर, काय येणार ते मला न बघता सांगता येतं. वाघाचे पट्टे, हरणाची शिंगं, खांद्यावर बसवलेलं घुबड, एखादी कवटी. मी मुंबईत पॅटर्न मेकिंग शिकवते, आणि शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे येतात तीच मुळी मंगळदास मार्केटमधून बिबट्या-प्रिंटचं कापड उचलून झाल्यावर. मग मी विचारते, यात प्राणी दिसतोय खरा, पण टॅक्सिडर्मी कुठाय?

टॅक्सिडर्मीत प्राण्याने काहीच केलेलं नसतं. तो बिचारा मेलेला असतो. केलेलं असतं माणसाने: मापं घेतली, चीर दिली, कातडं सोडवलं, आत खोटं धड घातलं, टाके घातले, काचेचे डोळे बसवले आणि जनावर जिवंत असल्याचा आव आणला. यातली निम्मी कामं आपल्या मास्टरजींची रोजचीच आहेत. कलेक्शन उभं करायचं ते या कामांवर. प्राणी त्यात आपोआप येतो, आणि नाही आला तरी बिघडत नाही.

आधी बघून या

इंटरनेटवरचे फोटो पुरणार नाहीत, कारण फोटो काढणारा नेहमी चांगली बाजू निवडतो. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं निसर्गविज्ञानाचं दालन गाठा. तिथला संग्रह मूळचा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा. गवा, वाघ, धनेश, रोहित पक्षी, सगळे काचेमागे आपापल्या रानाच्या देखाव्यात उभे आहेत. शाळेच्या सहलीत बहुतेकांनी ते बघितलेले असतात आणि विसरलेलेही असतात.

यावेळी प्राण्याचं चित्र काढू नका. जुन्या नमुन्यांवर जिथे कारागिराचा हात उघडा पडतो, त्या जागा काढा. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूने एक रेघ जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे केस वेगवेगळ्या दिशांना वळलेले दिसतात. तिथे टाके आहेत. कानाची कड बघा. पातळ कातडं वाळताना आक्रसतं, म्हणून कान जरा चुरगळल्यासारखा होतो. नाक आणि ओठ यांचा मूळ रंग वाळल्यावर उडतो, मग ते वरून रंगवतात, आणि तो रंग बाकी अंगापेक्षा अंमळ जास्तच चकाकतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बारीक तडा असतो, कारण तिथे पापणीला आकार द्यायला माती भरलेली असते. ती एका वेगाने वाळते आणि कातडं दुसऱ्या. वर्षानुवर्षं उजेडात राहून केशरी रंगाचं वाळलेलं गवत झालेलं असतं. तुमचा रंगांचा तक्ता इथून घ्या, जंगलातल्या वाघावरून घेऊ नका. फिका गवती, चहाचा डाग, वार्निशसारखा काळा, मातीचा राखाडी, आणि लेबलाच्या जुन्या कागदाचा पिवळा. एवढे पाच रंग सहा कपड्यांना पुरून उरतात.

काम कसं चालतं हे समजून घ्यायचं असेल तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2009 पासून टॅक्सिडर्मी केंद्र आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभं केलं. नैसर्गिकरीत्या मेलेले प्राणी परवानगीने तिथे येतात आणि संग्रहालयांसाठी जतन होतात. जायचं असेल तर रीतसर पत्र लिहून जा. कातडं कमावतात, धड वेगळं घडवतात, मग ते एकमेकांवर चढवतात. पोटात पेंढा कोंबायची पद्धत कधीच मागे पडली.

आणि हो, कुणाच्या घरी जुनं मुंडकं किंवा पक्षी दिसला तर कुतूहलाने हात फिरवू नका. पूर्वी किडीपासून वाचवायला कातड्याला आर्सेनिकचा साबण लावत. तो इतक्या वर्षांनीही तिथेच असतो.

कायदा, थोडक्यात पण नीट

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित प्राण्याचं कातडं, नखं, शिंगं, दात, पेंढा भरलेलं मुंडकं या सगळ्याचा समावेश होतो. आजोबांच्या वाड्यात भिंतीवर बिबट्या असेल तर त्याचं मालकीचं प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्र असलं तरी तो विकता येत नाही. "फक्त शूटसाठी वापरतो" म्हणून तो टेम्पोत घालून स्टुडिओत न्यायची कल्पना डोक्यातून काढा. मोराची आपोआप गळलेली पिसं देशात विकली जातात, पण बाहेर पाठवायला बंदी आहे; परदेशातल्या स्पर्धेला कपडा पाठवणार असाल तर मोरपीस नकोच. रंगकामाचे ब्रश घेतानाही विचारून घ्या. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजून कुठे कुठे मिळतात, आणि मुंगूस संरक्षित आहे. प्राण्यांबद्दल हळहळणाऱ्या कलेक्शनला मुंगसाच्या ब्रशने रंग लावायचा, म्हणजे अगदीच झालं.

मला विचाराल तर खरं जनावर लागतच नाही. बकरीचं चामडं धारावीत मिळतं, दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी मिळते. याहून पुढे जायची गरज मला तरी कधी दिसली नाही.

समोर ठेवायचे तीन कपडे

पहिला, 1903 च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झन यांनी घातलेला मोराचा झगा. कापडभर मोरपिसं, एकावर एक चढलेली, आणि मोराचं खरं पीस एकही नाही. दिल्लीच्या कारागिरांनी जरदोजीने ती भरली, प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंगेऱ्याच्या हिरव्या पंखाचा तुकडा बसवला, आणि पॅरिसच्या वर्थ या फॅशन हाउसकडे झगा शिवून झाला. इंग्लंडमधल्या केडलस्टन हॉलमध्ये तो आजही आहे. भरतकामाच्या वर्गात मी तो हमखास दाखवते. पिसाची दिशा, त्याचा एकावर एक चढ आणि मधला डोळा एवढंच पकडलं की पीस तयार होतं.

दुसरा, ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या 2001 च्या 'व्हॉस' कलेक्शनमधला, ज्यात मॉडेलच्या डोक्यावर पेंढा भरलेले ससाणे झडप घालताना दिसतात. इथे टॅक्सिडर्मी सजावट म्हणून येत नाही. पक्षी कपड्याला काहीतरी करतायत, नखांनी त्याला धरतायत. कपडा आणि जनावर यांच्यात काय चाललंय, हा प्रश्न तुमच्याही प्रत्येक स्केचला विचारा.

तिसरा, जानेवारी 2023 मध्ये पॅरिसच्या स्कियापरेली या फॅशन हाउसच्या शोमधली सिंह, हिमबिबट्या आणि लांडगी यांची मुंडकी. तिथले डिझायनर डॅनियल रोझबेरी यांनी ती फोम, रेझिन आणि नकली फरने बनवली होती. एकही केस खरा नव्हता. तरी केवढा गदारोळ झाला! खांद्यावर पूर्ण मुंडकं आलं की बघणाऱ्याला शिकारच दिसते, मग खाली "हे नकली आहे" असं कितीही लिहा. लोकांची चूक नाही त्यात. 1886 मध्ये फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बायकांच्या 700 टोप्या मोजल्या, त्यातल्या 542 वर पक्ष्यांची पिसं किंवा अख्खे पक्षी होते. याच टोप्यांच्या रागातून 1889 मध्ये मँचेस्टरच्या बायकांनी पक्षी वाचवण्यासाठी संघटना काढली, जी पुढे आरएसपीबी ही ब्रिटनची पक्षी-संरक्षण संस्था झाली. फॅशनच्या नावावर हे खातं आहे. त्यामुळे मुंडकं वापरायचं असेल तर का, याचं उत्तर तयार ठेवा; नसेल तर सरळ काढून टाका.

विषय अरुंद करा

"टॅक्सिडर्मी" एवढ्यावर सहा कपडे होत नाहीत, सहा वेगवेगळ्या कल्पना होतात. एक नमुना निवडा. एकच. आणि शक्यतो फसलेला निवडा.

स्वीडनमधल्या ग्रिप्सहोल्म किल्ल्यात एक सिंह आहे. अठराव्या शतकात तो राजाला अल्जियर्सहून भेट आला होता. मेल्यावर त्याचं कातडं ज्याच्या हाती पडलं त्याने म्हणे आयुष्यात सिंह पाहिलाच नव्हता. डोळे जवळजवळ, जीभ बाहेर, दात माणसासारखे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात एक वॉलरस आहे. वॉलरसच्या अंगाला वळ्या असतात हे करणाऱ्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी कातडं ठासून भरत नेलं, शेवटची सुरकुती जाईपर्यंत. शतकाहून जास्त काळ तो फुगलेला बसलाय आणि त्याला बघायला लोक येतात.

हा वॉलरस मला फार आवडतो, कारण त्यात आयतं कलेक्शन आहे. एकच कातडं: भरलं तर गुळगुळीत गोळा, रिकामं ठेवलं तर वळ्याच वळ्या. म्हणजे एकच पॅटर्न, एकदा आत भरण घालून आणि एकदा न घालता. पुढचं सगळं मी याच उदाहरणावर सांगते.

साचा बनवणं

टॅक्सिडर्मिस्टकडे कातडं असतं आणि तो त्याच्या मापाचं धड घडवतो. तुमच्याकडे धड आहे, त्याला कातडं घडवायचंय. मधली पायरी दोघांची एकच, आणि मुलं नेमकी तीच गाळतात. थेट कागदावर पॅटर्न काढायला बसतात. फुगलेला आकार सपाट कागदावर कल्पनेने काढता येत नाही, निदान सुरुवातीला तरी.

डमीवर भरण चढवा. फायबरची शीट घ्या आणि पातळ थरांनी खांदा, पाठीचा वरचा भाग आणि दंड भरत जा. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा इंचभर लहान कापा, म्हणजे कडेला पायरी उमटत नाही. एकदम जाड थर लावलात तर पाठीवर उशी बांधल्यासारखं दिसेल. आरशात लांबून बघा, बाजूने बघा, फोटो काढून बघा. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो हे कळेनासं झालं की वॉलरस जमला. मग वरून मांजरपाट ताणून टाचण्या लावा.

आता त्यावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा आणि तिच्यावर कागदी मास्किंग टेपचे बोटभर तुकडे आडवे-उभे चिकटवा. लांब पट्ट्या लावू नका, त्या उंचवट्यावर चुण्या पाडतात. पूर्ण झाकून झालं की मार्करने शिवणीच्या रेषा काढा. जिथे उंचवटा सगळ्यात जास्त आहे तिथून किंवा त्याच्या अगदी जवळून रेषा गेलीच पाहिजे, नाहीतर तुकडा टेबलावर सपाट बसायचा नाही. कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर नंबर, उभ्या धाग्याचा बाण आणि जोडाच्या खुणा. हे "नंतर करू" म्हणणाऱ्यांच्या टेबलावर मग चौदा पिवळे तुकडे पडलेले असतात आणि डावं कोणतं, उजवं कोणतं कुणालाच कळत नाही.

कात्रीने रेषांवरून सोडवा. तुकडा टेबलावर ठेवल्यावर कड वर उचलली जात असेल तर तिथे डार्ट (निमुळती चूण) द्या किंवा आणखी एक शिवण घ्या. कागदावर उतरवा, माया, म्हणजे शिवणीसाठीची जादा कड, वाढवा, मांजरपाटात शिवून डमीवर चढवा. आत भरण तसंच असू दे. एक फोटो काढा. मग भरण काढून टाका आणि तेच जॅकेट रिकाम्या डमीवर घाला. कापड आपोआप कुठे दुमडतं ते खडूने खुणा करून ठेवा. मास्टरजी म्हणतील, "मॅडम, ये तो फिटिंग बिगड गया." त्यांना सांगा, हेच हवंय, आणि त्या वळ्या आतून चार-चार टाक्यांनी पकडून घ्या; दुसऱ्या कपड्याचं डिझाइन झालं.

एखादा भाग खराच कडक हवा असेल, मोठी कॉलर किंवा मानेचा उंचवटा, तर कागदाचा लगदा वापरा. अमेरिकन शिल्पकार-टॅक्सिडर्मिस्ट कार्ल एकली याने हाच मार्ग धरला होता: आधी मातीत स्नायूंसकट प्राणी घडवायचा, त्याचा प्लास्टरचा साचा काढायचा आणि त्यातून पातळ, पोकळ, हलकं धड ओतायचं. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधलं आफ्रिकेचं दालन, 1936 मध्ये उघडलेलं, त्याच्या नावाचं आहे. आपल्याकडे म्हैसूरची व्हॅन इंजेन कंपनी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कागदाच्या लगद्याचीच धडं वापरत होती. आणि लगद्याचे गणपती करणारे कारागीर तर मुंबईत आहेतच. जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन विचारा. श्रावणात गेलात तर तुमच्याकडे कुणी मान वर करून बघणारही नाही.

चीर आणि टाके

कपड्याला उघडायची जागा असते, कातड्यालाही असते. बटणपट्टी समोर, चेन पाठीत, हे आपण सवयीने ठरवतो. इथे ठरवायचं ते चीर कुठून दिली यावरून. पोटावरची चीर म्हणजे गळ्यापासून खाली सरळ रेघ आणि तिथून हातांच्या आतल्या बाजूने मनगटापर्यंत दोन फाटे. म्हणजे बाहीची शिवण आणि समोरची उघडझाप एकाच रेषेत आली. पाठीवरची चीर म्हणजे समोर एकही शिवण नाही. कुठलीही निवडा, पण सहाही कपड्यांत तीच ठेवा. बघणाऱ्याला नाव सांगता येणार नाही, पण हे सगळं एका हातचं आहे हे कळतं.

टाका असा: सुई नेहमी आतून बाहेर काढायची, एकदा डाव्या कडेतून, एकदा उजव्या, आणि दोरा ओढत जायचं. टॅक्सिडर्मिस्ट असं करतात ते केस शिवणीत अडकू नयेत म्हणून. कापडात याने दोन कडा एकमेकींवर न चढता समोरासमोर भिडतात आणि मधे बारीक कणा उमटतो. मेण लावलेला जाड सुती दोरा घ्या. बाकी कपडा मशीनवर शिवा, हा एक टाका मात्र हातानेच.

केस आणि पिसं

केसाळ कापड घ्यायचं तर मखमल किंवा कॉर्डरॉय पुरेशी आहे. नकली फर मला आवडत नाही, गरम होतं आणि स्वस्त दिसतं. सगळे तुकडे एकाच दिशेला कापायचा नियम शिकवतात तो पाठ असू द्या आणि एका ठिकाणी मुद्दाम मोडा: चिरेच्या दोन बाजूंना लव उलट दिशांना ठेवा. संग्रहालयात पायाच्या आत पाहिलेली ती रेघ इथे येते. कापड त्यामुळे जास्त लागेल, आधीच हिशेब करा. घोंगडी जाड असते, ती पूर्ण कपड्याला वापरू नका. पाठीचा एक तुकडा, कॉलर, एवढंच. ती टोचते, अस्तर लावा.

पिसं ऑर्गेंझाची होतात. पिसाचा मधला कणा उभ्या धाग्यावर ठेवून पानासारखा आकार कापा, कण्यावर बारीक तार झिगझॅगने बसवा, मग दोन्ही कडांना कण्याच्या पंचेचाळीस अंशांत चिरा द्या. चिरा उरेबमध्ये, म्हणजे धाग्यांना तिरक्या, जातात, म्हणून सुत निघत नाही. झडलेलं, जुनं पीस हवं असेल तर उलट करा: कणा उरेबवर ठेवा, चिरा धाग्याच्या रेषेत येतील आणि कडा आपोआप विसकटतील. दोन्ही प्रकार एकाच बाहीवर, वर नीट आणि मनगटाकडे विसकटलेले, फार छान दिसतात. शेकडो लागतात, तेवढं धरून चला.

डोळे

संपूर्ण कलेक्शनमध्ये डोळ्यांची एकच जोडी. प्रत्येक कपड्यावर डोळे लावलेत तर बाहुल्यांचं दुकान होतं. काचेचे डोळे क्राफ्टच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात, पण मी गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याकडे दोन मोठी पांढरी बटणं रंगवायला द्या असं सांगेन. बुबुळ कुठे बसवलं की नजर समोरच्यावर पडते आणि कुठे बसवलं की हरवते, हे त्याला जेवढं कळतं तेवढं आपल्याला नाही कळत. ती दोन बटणं त्या फुगलेल्या जॅकेटच्या कफला लावा. हात खाली सोडला की वॉलरस जमिनीकडे बघेल.

सहा कपडे

सुरुवात अगदी साध्याने करा: मांजरपाटाचा सरळ झगा, त्यावर मापांच्या खुणा आणि शिवणीच्या रेषा उघड्या. मग पूर्ण फुगलेलं जॅकेट. त्याच पॅटर्नचं रिकामं, वळ्यांचं. एक कपडा आतली बाजू बाहेर काढून शिवा, मायेच्या कडा, अस्तर, कॅनव्हास सगळं दिसू दे. एक पिसांचा. शेवटचा असा हवा की जो बाई उद्या ऑफिसला घालून जाईल: तीच चिरेची रेघ, तोच टाका, बाकी काही नाही. परीक्षक फुगलेल्याचे फोटो काढतील आणि ऑर्डर शेवटच्याची येईल. लेबल म्हणून संग्रहालयात पायाला बांधतात तशी दोऱ्याची कागदी चिठ्ठी करा, त्यावर कापड, कारागीर आणि महिना हाताने लिहा.

ट्रायलला मॉडेलला उभंच ठेवू नका. खुर्चीत बसवा, हात वर करायला सांगा, रिक्षात चढायला लावा. भरणाच्या कपड्यात काख पहिली फाटते, तिथे उरेबचा चौकोनी तुकडा आधीच घाला. भरण अस्तराला पक्कं शिवू नका, प्रेस बटणांनी लावा, म्हणजे काढून कपडा धुता येईल. आणि शो झाला की घोंगडीचा आणि लोकरीचा माल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. उन्हात धरा, झटका, सुती कापडात गुंडाळा, कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या ठेवा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा. कसर लागली तर ती आधी कॉलर खाते.